‘हॅव’ कसं वापरायचं: मराठीतून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी

‘माझ्याकडे गाडी आहे’, ‘मला दोन बहिणी आहेत’, ‘मला जावं लागतं’, ‘मी तो सिनेमा पाहिलाय’, ‘मी केस कापून घेतले’. मराठीत या पाच वाक्यांची घडण वेगवेगळी आहे. इंग्रजीत पाचही ठिकाणी एकच क्रियापद येतं: हॅव. शब्दकोशात त्याच्या अर्थांची यादी बरीच लांबते, आणि ती पाठ करून बोलताना फारसा उपयोग होत नाही, कारण बोलताना यादी आठवायला वेळ नसतो.

त्यापेक्षा ‘हॅव’च्या लगेच पुढे काय आलंय ते बघायचं.

पुढे नुसतं नाम असेल (‘हॅव अ कार’), तर मालकी, नातं, आजार किंवा खाणंपिणं.
पुढे ‘टू’ असेल (‘हॅव टू गो’), तर लागणं.
पुढे क्रियापदाचं तिसरं रूप (सी, सॉ, सीन यातलं ‘सीन’) असेल (‘हॅव सीन’), तर झालेलं असणं.
पुढे आधी नाम आणि मग तिसरं रूप असेल (‘हॅव माय हेअर कट’), तर करून घेणं.

वाचताना याच क्रमाने तपासायचं, आणि बोलताना मराठी वाक्याच्या शेवटावरून उलट यायचं. आता एकेक पायरी घेऊ.

पायरी १: रूपं पक्की करा

आय, यू, वी, दे यांच्याबरोबर ‘हॅव’. ही, शी, इट आणि कुठल्याही एकवचनी नावाबरोबर ‘हॅज’. भूतकाळात सगळ्यांना ‘हॅड’, आणि तिसरं रूपही ‘हॅड’च.

इथे मराठी माणसाची एक खास चूक होते. मराठीत ‘तिला दोन भाऊ आहेत’ यातलं ‘आहेत’ भावांच्या संख्येवर ठरतं. त्यामुळे भाऊ दोन म्हणून ‘शी हॅव टू ब्रदर्स’ असं तोंडातून निघतं. इंग्रजीत क्रियापद मालकाकडे बघतं, वस्तूकडे नाही. ती एकटी आहे, म्हणून भाऊ दोन असोत की दहा, ‘शी हॅज टू ब्रदर्स’.

दुसरी चूक प्रश्नात होते. ‘डझ शी हॅज अ लायसन्स?’ हे चूक, ‘डझ शी हॅव अ लायसन्स?’ हे बरोबर. तिसऱ्या पुरुषाची खूण ‘डझ’ने घेतली, ती पुन्हा लावायची नाही. डू, डझ, डिड, विल, कॅन, शुड आणि टू यांच्यानंतर नेहमी साधं ‘हॅव’.

पायरी २: पुढे नाम असेल तेव्हा

मराठीत मालकी सांगायला प्रत्यय बदलतात. पेन ‘माझ्याकडे’ किंवा ‘माझ्याजवळ’, बहिणी ‘मला’, फ्लॅट ‘माझा’, खोल्या ‘घराला’, दिवस ‘आठवड्यात’. इंग्रजीत या सगळ्या प्रत्ययांचं भाषांतर करायला जाऊ नका, नाहीतर ‘नियर मी देअर इज अ पेन’ असं काहीतरी तयार होतं. ज्याला प्रत्यय लागलाय त्याला उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवा, प्रत्यय टाकून द्या, आणि मध्ये ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ घाला.

घराला तीन खोल्या आहेत: ‘द हाऊस हॅज थ्री रूम्स.’
तुमच्याकडे सुटे आहेत का?: ‘डू यू हॅव चेंज?’
माझ्याजवळ छत्री नव्हती: ‘आय डिडन्ट हॅव ॲन अम्ब्रेला.’

जुन्या ब्रिटिश वळणात ‘हॅव यू अ पेन?’ असा प्रश्न सापडतो. चूक नाही, पण आज कोणी असं सहसा विचारत नाही. ब्रिटनमध्ये बोलताना ‘हॅव यू गॉट अ पेन?’ फार ऐकू येतं. हे ‘हॅव गॉट’ मालकीचंच, पण घरगुती बोलण्यातलं आणि मुख्यतः वर्तमानापुरतं. त्याच्या प्रश्नात ‘डू’ येत नाही, म्हणून ‘डू यू हॅव गॉट’ ही भेसळ टाळा. नव्याने शिकणाऱ्याने स्वतः बोलताना ‘डू यू हॅव’ एवढंच धरून ठेवलं तरी सगळीकडे चालतं.

आता ‘हॅविंग’. ‘आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स’ किंवा ‘आर यू हॅविंग अ पेन?’ हे भारतात इतकं सर्रास बोललं जातं की ते खटकतही नाही. पण मुलाखतीत, इंग्रजीच्या परीक्षेत आणि परदेशी सहकाऱ्यांशी बोलताना ते लगेच लक्षात येतं. मालकी, नातं, गुणधर्म ही स्थिती आहे. ती ‘चालू’ नसते, म्हणून तिला ‘इंग’ लागत नाही. तपासायला मराठीत ‘चाललंय’ लावून बघा. ‘जेवण चाललंय’ म्हणता येतं, म्हणून ‘वी आर हॅविंग लंच’ बरोबर. ‘मीटिंग चाललीय’ म्हणता येतं, म्हणून ‘वी आर हॅविंग अ मीटिंग’ बरोबर. ‘दोन बहिणी चालल्यात’ म्हणता येत नाही, म्हणजे तिथे नुसतं ‘हॅव’. जवळच्या ठरलेल्या बेतालाही हेच रूप चालतं: ‘वी आर हॅविंग गेस्ट्स टुनाइट’, म्हणजे आज रात्री पाहुणे येणार आहेत. आणि एका ठिकाणी ‘इंग’मुळे बातमीच बदलते. ‘शी हॅज अ बेबी’ म्हणजे तिला बाळ आहे. ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे ती गरोदर आहे किंवा बाळंत होते आहे.

आजारांची भाषा वेगळी लक्षात ठेवावी लागते, कारण मराठीत सर्दी ‘होते’, ताप ‘येतो’ आणि डोकं ‘दुखतं’, तर इंग्रजीत या तिन्ही गोष्टी माणसाकडे ‘असतात’. ‘आय हॅव अ कोल्ड’, ‘आय हॅव अ फीवर’, ‘आय हॅव अ हेडेक’. ‘माय हेड इज पेनिंग’ हे आपल्याकडे सगळ्यांना कळतं, पण ते मराठी-हिंदी वाक्याचं शब्दशः रूप आहे. ‘अ’ कुठे लावायचा? सर्दी, ताप, खोकला, डोकेदुखी यांना लावा. डायबेटिस, मलेरिया, डेंग्यू अशा रोगांच्या नावांना लावू नका: ‘ही हॅज डायबेटिस.’

खाण्यापिण्यासाठीही ‘हॅव’ फार सोयीचं आहे. मराठीत आपण चहा ‘घेतो’ आणि नाश्ता ‘करतो’, म्हणून ‘विल यू टेक टी?’ आणि ‘आय डिड माय ब्रेकफास्ट’ असं निघतं. पहिलं जुनाट वाटतं, दुसरं चूकच आहे. ‘विल यू हॅव सम टी?’ आणि ‘आय हॅड ब्रेकफास्ट ॲट एट’ म्हणा. पाहुण्याला ‘अजून घ्या ना’ म्हणायचं असेल तर ‘प्लीज हॅव सम मोअर’. लंच, डिनर, ब्रेकफास्ट यांच्याआधी साधारणपणे ‘अ’ नको. पण जेवणाचं वर्णन केलं की तो परत येतो: ‘वी हॅड अ हेवी लंच.’

आणखी एक जोडी कामाची आहे: ‘हॅव अ’ आणि पुढे कृतीचं नाम. ‘हॅव अ लुक’ म्हणजे एक नजर टाकणं, ‘हॅव अ सीट’ म्हणजे बसा, ‘हॅव अ बाथ’ म्हणजे आंघोळ करणं (अमेरिकेत ‘टेक अ बाथ’). ‘हॅव फन’मध्ये मात्र ‘अ’ येत नाही. ‘कॅन आय हॅव अ वर्ड विथ यू?’ म्हणजे जरा दोन मिनिटं बोलायचंय. इथे एकवचन सांभाळा. ‘वी हॅड वर्ड्स’ म्हणजे आमची वादावादी झाली.

पायरी ३: पुढे ‘टू’ असेल तेव्हा

हा भाग मराठी माणसाला सोपा जातो, कारण मराठीत ‘लागणे’ आहे आणि ते तिन्ही काळांत नीट जुळतं.

मला रोज सहाला उठावं लागतं: ‘आय हॅव टू गेट अप ॲट सिक्स एव्हरी डे.’
तिला काल थांबावं लागलं: ‘शी हॅड टू स्टे येस्टरडे.’
तुम्हाला परत यावं लागेल: ‘यू विल हॅव टू कम अगेन.’

‘टू’च्या पुढे नेहमी मूळ रूप. ‘ही हॅज टू गोज’ नाही, ‘शी हॅड टू स्टेड’ नाही. काळ ‘हॅव’ने घेतला, पुढच्या क्रियापदाने घ्यायचा नाही. सक्तीचं ‘मस्ट’ भूतकाळात चालत नाही, म्हणून ‘लागलं’ म्हणायचं असलं की ‘हॅड टू’च हवं.

उच्चाराकडेही लक्ष द्या. या अर्थाने ‘हॅव टू’ बोलताना ‘हॅफ्टू’ असं ऐकू येतं आणि ‘हॅज टू’ ‘हॅस्टू’ असं. कान तयार नसेल तर भरभर बोलण्यात ते हातातून निसटतं.

‘जायचंय’ या रूपापाशी जरा थांबा. ‘मला पाचला डॉक्टरांकडे जायचंय’ यात गरज आहे: ‘आय हॅव टू गो टू द डॉक्टर ॲट फाइव्ह.’ ‘मला एकदा लडाखला जायचंय’ यात इच्छा आहे: ‘आय वॉन्ट टू गो टू लडाख.’ मराठी रूप एकच, त्यामुळे बोलण्याआधी नक्की काय म्हणायचंय ते ठरवा. वरिष्ठांकडे रजा मागताना ‘आय वॉन्ट टू गो टू द डॉक्टर’ म्हटलं तर ती हौस असल्यासारखी वाटते.

नकारात तर अर्थच उलटू शकतो. ‘यू डोन्ट हॅव टू कम’ म्हणजे यायची गरज नाही, आलात तरी हरकत नाही. ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे यायचं नाही, मनाई आहे. मराठीतलं ‘नको’ दोन्हीकडे चालतं: ‘उद्या सुट्टी, लवकर उठायला नको’ यात सुटका आहे, तर ‘इतक्या रात्री एकटं जायला नको’ यात अटकाव. पहिल्याला ‘डोन्ट हॅव टू’, दुसऱ्याला ‘शुडन्ट’ किंवा ‘मस्ट नॉट’. कामाच्या ईमेलमध्ये ही गल्लत महागात पडते. ‘यू मस्ट नॉट अटेंड द मीटिंग’ असं लिहून गेलं, तर ‘आला नाहीत तरी चालेल’ ऐवजी ‘तुम्हाला प्रवेश नाही’ असा निरोप पोहोचतो.

पायरी ४: पुढे तिसरं रूप असेल तेव्हा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्याही बेशिस्त चुका नसतात. मराठीची शिस्त इंग्रजीला लावल्यामुळे त्या होतात.

वरवर पाहता जुळणी सोपी वाटते. ‘पाहिलाय’ म्हणजे ‘हॅव सीन’, ‘पाहिला होता’ म्हणजे ‘हॅड सीन’. पहिली निम्मी खरी आहे, दुसरी तर त्याहून कमी.

आधी पहिली घ्या. मराठीत ‘मी त्याला कालच भेटलोय’ म्हणता येतं. इंग्रजीत ‘हॅव’च्या या रूपाला संपून गेलेली नेमकी वेळ चालत नाही. येस्टरडे, लास्ट वीक, इन २०१९, ॲट फाइव्ह ओक्लॉक, अगो यांपैकी काहीही वाक्यात आलं की ‘हॅव’ काढा आणि साधा भूतकाळ घाला: ‘आय मेट हिम येस्टरडे.’ वेळ सांगितलीच नसेल किंवा ती अजून संपली नसेल (टुडे, धिस वीक, सो फार), तर ‘हॅव’ ठेवा: ‘आय हॅव मेट हिम’, ‘आय हॅव मेट हिम ट्वाइस धिस वीक.’

आता ‘होतो’. ‘मी गेल्या वर्षी नाशिकला गेलो होतो’ हे मराठीत साधं वाक्य आहे. घडून गेलेली, मागे पडलेली गोष्ट सांगायला आपण सहज ‘होतो’ लावतो. इंग्रजीत ‘आय हॅड गॉन टू नाशिक लास्ट इयर’ ऐकलं की समोरचा पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो, कारण तिसऱ्या रूपाआधीचं ‘हॅड’ दोन भूतकाळी घटनांपैकी आधीची घटना दाखवतं. एकच घटना असेल तर ‘आय वेंट टू नाशिक लास्ट इयर’ पुरे. दोन असतील तेव्हा ‘हॅड’ला काम मिळतं: ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’, मी पोहोचलो तोवर गाडी सुटली होती. स्वतःचं लिहिलेलं तपासताना तिसऱ्या रूपाआधीच्या प्रत्येक ‘हॅड’ला विचारा: कशाच्या आधी? उत्तर मिळालं नाही तर तो काढून टाका. मराठी माणसाच्या इंग्रजी लेखनातले बरेच ‘हॅड’ या एका प्रश्नावर गळून पडतात.

तिसरी चूक ‘पासून’ची. ‘मी पाच वर्षांपासून इथे काम करतोय’ यात मराठी क्रियापद वर्तमानकाळी आहे, म्हणून ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ येतं. त्यात दोन चुका आहेत. मागे सुरू होऊन आत्तापर्यंत चाललेल्या गोष्टीला इंग्रजीत ‘हॅव बीन’ लागतं. आणि ‘सिन्स’ला सुरुवातीचा क्षण हवा, ‘फॉर’ला कालावधी. म्हणून ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’, किंवा ‘सिन्स २०२०’. मराठी ‘पासून’ दोन्हीकडे चालतं, त्यामुळे पुढे मोजमाप आहे की तारीख, हे दर वेळी बघावं लागतं.

‘गॉन’ आणि ‘बीन’ हा फरक मात्र मराठीत आयता आहे. ‘तो नागपूरला गेलाय’ म्हणजे अजून परतला नाही: ‘ही हॅज गॉन टू नागपूर.’ ‘तो नागपूरला जाऊन आलाय’ म्हणजे परत आला: ‘ही हॅज बीन टू नागपूर.’ फोनवर स्वतःबद्दल ‘आय हॅव गॉन टू दुबई ट्वाइस’ म्हणू नका. तुम्ही तर इथे बोलताय.

‘हॅव हॅड’ एकत्र दिसलं तर घाबरू नका. पहिलं ‘हॅव’ साहाय्यक, दुसरं ‘हॅड’ हे मुख्य क्रियापदाचं तिसरं रूप. ‘आय हॅव हॅड माय लंच’ म्हणजे माझं जेवण झालंय. त्याच न्यायाने ‘आय हॅड हॅड’ही व्याकरणात बसतं.

‘असतं’वाल्या वाक्यांनाही हेच ‘हॅव’ लागतं, आणि इथली जुळणी भरवशाची आहे:

सांगितलं असतं: ‘वुड हॅव टोल्ड’
सांगायला हवं होतं: ‘शुड हॅव टोल्ड’
सांगता आलं असतं: ‘कुड हॅव टोल्ड’
सांगितलं असणार: ‘मस्ट हॅव टोल्ड’
कदाचित सांगितलं असेल: ‘मे हॅव टोल्ड’

‘तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं’ याचं इंग्रजी ‘इफ यू हॅड आस्क्ड, आय वुड हॅव टोल्ड यू.’ ‘इफ’च्या भागात ‘वुड हॅव’ घालू नका. मराठीत दोन्हीकडे ‘असतं’ आहे म्हणून तो मोह होतो. बोलण्यात ‘शुड हॅव’चं ‘शुडव’ होतं. ते ‘शुड ऑफ’सारखं ऐकू येत असल्याने खुद्द इंग्रजी मातृभाषेचे लोकही तसं चुकीचं लिहितात. त्यांची ती चूक उचलू नका.

संक्षेपाबद्दल थोडं. ‘हीज’ म्हणजे ‘ही इज’ किंवा ‘ही हॅज’, आणि ‘आयड’ म्हणजे ‘आय हॅड’ किंवा ‘आय वुड’. पुढचा शब्द बघा. ‘हीज गॉट’ आणि ‘हीज बीन’ यांत ‘हॅज’, ‘हीज गोइंग’मध्ये ‘इज’. ‘आयड’नंतर तिसरं रूप आलं तर ‘हॅड’, मूळ रूप आलं तर ‘वुड’. अपवाद ‘आयड बेटर’चा, तो खाली येतोय.

पायरी ५: आधी नाम, मग तिसरं रूप

‘मी काल केस कापले’ आपण बेधडक म्हणतो, आणि न्हाव्याने कापले हे सगळ्यांना कळतं. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हणजे कात्री स्वतःच्या हातात होती. दुसऱ्याकडून करवून घेतलं तर ‘आय हॅड माय हेअर कट.’ त्याच साच्यात ‘आय हॅड माय बाइक सर्व्हिस्ड’, ‘वी आर हॅविंग द हाऊस पेंटेड’, ‘आय हॅव टू हॅव माय पासपोर्ट रिन्यूड.’ मराठीतल्या ‘करून घेणे’शी याचं चांगलं जुळतं, तेव्हा आधी मनातलं ‘केस कापले’ ‘केस कापून घेतले’ असं बदला आणि मग इंग्रजी करा.

क्रम मोडला तर अर्थ बदलतो. ‘आय हॅड कट माय हेअर’मध्ये ‘हॅड’ला लागून तिसरं रूप आलं, म्हणजे आपण परत चौथ्या पायरीवर गेलो: मी स्वतःच केस कापले होते.

हाच साचा अंगावर आलेल्या नुकसानीलाही वापरतात: ‘शी हॅड हर फोन स्टोलन’, तिचा फोन चोरीला गेला. अर्थातच तिने तो चोरून घेतला नाही. कुठला अर्थ ते गोष्टीवरून कळतं.

काम कोणाकडून, हे सांगायचं तर माणूस मध्ये येतो आणि पुढे मूळ रूप: ‘आय विल हॅव हिम कॉल यू’, म्हणजे त्याला तुम्हाला फोन करायला सांगतो. इथे ‘टू कॉल’ नाही. ऑफिसात हे वाक्य फार उपयोगी पडतं, पण स्वतःच्या हाताखालच्या माणसाबद्दलच बरं दिसतं. साहेबांबद्दल ‘आय विल हॅव हर कॉल यू’ म्हणण्यापेक्षा ‘आय विल आस्क हर टू कॉल यू’ म्हणा.

उरलं ‘हॅड बेटर’. दिसायला भूतकाळ, अर्थ आत्ताचा: ‘यू हॅड बेटर लीव्ह नाऊ’, तुम्ही आता निघालेलं बरं. पुढे मूळ रूप, मध्ये ‘टू’ नाही, आणि नकार ‘हॅड बेटर नॉट’ असा. मराठी ‘बरं’ मायेने म्हणता येतं. इंग्रजी ‘यू हॅड बेटर’मध्ये मात्र ‘नाहीतर बघा’ असा सूर असतो. मित्राला, मुलाला ठीक आहे. ग्राहकाला किंवा वरिष्ठांना ‘इट मे बी बेटर टू’ असं मवाळ सांगा. स्वतःबद्दल ‘आयड बेटर गो’ कुठेही चालतं, आणि गप्पांतून उठायला ते चांगलं वाक्य आहे.